तांडेलिणीचा दिवा

तांडेलिणीला विजेचा एकच दिवा हवा होता, आणि तोही घरात नव्हे, घराच्या बाहेर. समुद्राकडच्या भिंतीवर, वळचणीखाली, जिथे बारा वर्षं ती रोज तिन्हीसांजेला कंदील टांगत आली होती, तिथे.

"सैपाकघरात एक घे गो. फोडणी जळली ती तरी दिसात," शेजारच्या आल्बिनाने सांगून पाहिलं.

"फोडणी माका वासार कळता," तांडेलीण म्हणाली. विषय तिथेच संपला.

आचऱ्याच्या अलीकडे खाडी समुद्राला मिळते, तिथली ही वाडी. सहासष्ट साली रस्त्याच्या कडेने विजेचे खांब उभे राहिले आणि वाडीतल्या नव्या घरांना एकदम अंधार दिसू लागला. तोवर तो तिथेच होता, पण कोणाला खुपत नव्हता. तांडेलिणीचं घरही नवंच. जोतं तेवढं नवऱ्याने बांधून ठेवलेलं, वरचं सगळं तिने एकटीने, पावसाळ्यामागून पावसाळे घालवत उभं केलेलं.

नवरा म्हणजे सत्यवान कुबल, गलबत हाकणारा तांडेल. चोपन्न साली नारळी पुनवेचा नारळ दर्यात सोडून तो मंगळुराला कौलं आणायला गेला. व्यापाऱ्याच्या कौलांबरोबर आपल्या नव्या घराचीही कौलं तो आणणार होता. गलबतावर सात माणसं होती. भाद्रपदात वादळ झालं. गलबत आलं नाही, कौलं आली नाहीत, माणसंही आली नाहीत. बाकीच्या सहा घरांनी यथावकाश रडून घेतलं आणि जे करायचं ते केलं. तांडेलिणीने बांगड्या फोडल्या नाहीत. तिने जोत्यावर समुद्राकडची भिंत आधी उभी केली, तिला खुंटी ठोकली आणि कंदील टांगला.

यामुळे वाडीची मोठी पंचाईत झाली होती. हळदीकुंकवाला तिला बोलवावं तर शास्त्र आडवं येई, आणि नाही बोलावलं तर ती स्वतःच नीट कुंकू लावून हजर होई. शेवटी बायकांनी शास्त्राला घरी ठेवलं आणि तिला बोलवायला सुरुवात केली. वाडी तिला तांडेलीण म्हणे, दीर गणपत वयनी म्हणे. नाव तिलाही होतंच, पण ते कोणाला कधी लागत नसे.

गणपत माणूस सरळ. भावजयीला त्याने कधी काही कमी पडू दिलं नाही. पण त्या भाद्रपदात बारा वर्षं पुरी झाली आणि त्याच्या मनाला घोर लागला. माणूस बेपत्ता झाला की बारा वर्षं वाट पाहायची, मग दर्भाचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा, असा शास्त्रार्थ. भाऊ बारा वर्षं ना इकडे ना तिकडे असा लोंबकळतोय, त्याला पाणी मिळत नाही, या विचाराने गणपतला घास गोड लागेना. त्याने दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा तांडेलीण एकच बोलली.

"आदी लायट येवदे. मगे बघूया."

म्हणून गणपत स्वतःच तिला घेऊन मालवणच्या वीज कचेरीत गेला.

कचेरीत शिरताच गणपतची भाषा बदलली. घरी तो साधं बोले, पण टेबलामागे माणूस दिसला की त्याच्या तोंडातून थेट पाठ्यपुस्तक बाहेर पडे. "नमस्कार. आम्हांस विद्युत दिव्याची नितांत आवश्यकता आहे," तो म्हणाला.

"अर्जदार कोण?" कारकुनाने विचारलं.

"ह्या. आमच्या वहिनी."

"मग त्यांना बोलू द्या." कारकुनाने टाक दौतीत बुडवला आणि मान वर न करता विचारलं, "हां बाई, नाव?"

तांडेलिणीने गणपतकडे पाहिलं. गणपतने तोंड उघडलं. कारकुनाने हात वर केला. "तुम्ही नाही. बाईंना सांगू द्या."

आता आली का पंचाईत! तांडेलीण कानापर्यंत लाल झाली. तिने पदर सारखा केला, जमिनीकडे पाहिलं, आणि सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"गलबताक शीड, शिडाक दोरी, सत्यवानरावांचा नाव घेतंय कचेरीच्या दारी."

टाइपरायटर थांबला. कोपऱ्यातल्या शिपायाने "वा!" म्हटलं आणि लगेच जीभ चावली. कारकुनाने पहिल्यांदाच मान वर केली. पण उखाण्यातून कामापुरतं नाव तेवढं वेचून घ्यायला तो शिकलेला असावा. 'सत्यवान' एवढं त्याने लिहिलं, बापाचं नाव आणि आडनाव गणपतने पुरवलं.

"यांची सही?"

"ते सांप्रत गावात नाहीत," गणपत म्हणाला.

"कुठे असतात?"

गणपतने समुद्राच्या दिशेला हात केला. "दर्यावर असतात."

हे काही खोटं नव्हतं. कारकुनाने 'धंदा' या रकान्यात 'दर्यावर्दी' लिहिलं. "आले की सही करून अर्ज पाठवा. आणि साहेब घराच्या पाहणीला येतील त्या दिवशी अर्जदार घरी हजर पाहिजे. नाहीतर अर्ज रद्द. कधी येणार ते?"

"येतले," तांडेलीण म्हणाली.

परतीच्या एस्टीत गणपतने खिडकीबाहेर तोंड करून खूप विचार केला. शेवटी हळूच म्हणाला, "वयनी, दादा नाय म्हणान सांगला आसता तर काम सोप्या झाला आसता. एक दाखलो दिल्लो की..."

"कसलो दाखलो?"

गणपतने पुन्हा खिडकीबाहेर तोंड केलं.

"भावोजी, सरकारान त्येंचा नाव लिवन घेतला," तांडेलीण म्हणाली. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता. "धंदो काय तोव लिवन घेतल्यानी. गेलेल्या माणसाचो धंदो कोण इचारता?"

भावजयीला खोटं पाडायची गणपतची छाती नव्हती, आणि दिवा आल्याशिवाय भावाचं काही होणार नव्हतं. म्हणजे दिवा यायला हवा. दिव्यासाठी सही हवी, सहीसाठी सत्यवान हवा. घरी पोचेपर्यंत गणपतने सत्यवान शोधून काढला.

तो म्हणजे आल्बिनाचा नवरा, फ्रान्सिस. वय साधारण तेवढंच, बांधा आडवा, रंग उन्हाने भाजलेला. तो सत्यवानच्या गलबतावर नऊ वर्षं स्वयंपाकी होता. त्या शेवटच्या फेरीलाही तो जाणार होता, पण आदल्या दिवशी हिवतापाने आडवा झाला. तेव्हापासून त्याने दर्याचं नाव टाकलं आणि घरामागच्या भट्टीत पाव भाजू लागला.

"खोटी सही करू?" फ्रान्सिस दचकला. "पाद्री काय म्हणात?"

"पाद्र्याक कोण सांगतलो?"

"मीच. दर शनवारी सगळा सांगूक लागता, बाबा."

"मगे शनवारी सांग. साहेब काय शनवारी येवचो नाय."

फ्रान्सिसने हातातलं पीठ झाडलं. मग म्हणाला, "त्या फेरीक आठ माणसा व्हयी हुती, गणपत. माझी जागा रिकामी ठेवन गेलो तो. म्हणालो, 'पडान ऱ्हव, पुढच्या फेरीक ये.' करतंय मी सही."

पण फ्रान्सिसला सही येत होती ती रोमन लिपीत, तीही स्वतःची. आठ दिवस तो पिठाच्या पाटावर बोटाने 'सत्यवान' गिरवत होता. आल्बिना म्हणे, इतक्या वर्षांत माझं नाव कधी गिरवलं नाही. नवव्या दिवशी त्याने अर्जावर सही केली आणि नंतर बराच वेळ तो त्या अक्षरांकडे बघत बसला.

हे सगळं तांडेलिणीच्या कानावर घालणं भाग होतं. ती आत गेली, पेटी उघडली आणि नवऱ्याचा एक पांढरा सदरा घेऊन आली.

"ह्यो घाला, म्हणजे बरे दिसशात," ती फ्रान्सिसला म्हणाली. "पण त्येंच्या खुर्चयेर बसा नकात. बाकड्यार बसा."

"आणि मी बाजूक बसतलंय," आल्बिनाने जाहीर केलं. "माझो घोव दुसऱ्या बायलेचो घोव म्हणान बसतलो, तर मी काय भट्टी फुकीत ऱ्हवतलंय?"

"गो आल्बिना, साहेब काय म्हणतलो?"

"साहेबाक काय म्हणाचा ता म्हणांदे. गाव काय म्हणात ता माका बघूक व्हया."

गणपतने सगळ्यांना बजावून ठेवलं. बोलायचं ते त्याने. फ्रान्सिसने फक्त 'होय' म्हणायचं. आणि काही झालं तरी छातीवर क्रूस काढायचा नाही. कारण फ्रान्सिसला ती सवयच होती. पाव भट्टीत घालताना, होडीत पाय ठेवताना, एवढंच काय, शिंक आली तरी त्याचा हात आपोआप कपाळाकडे जाई.

कार्तिकात कचेरीचं पत्र आलं. पाहणीला साहेब अमुक तारखेला सकाळी येतील. गणपतने पंचांगात पाहिलं, तर तीच तिथी त्याने दाजीभटजींना देऊन ठेवलेली. आचऱ्याचे भटजी एकदा हुकले की महिनाभर हाती लागायचे नाहीत. गणपतने विचार केला, साहेब सकाळी येऊन जातील, भटजींना दुपारचं बोलवू. दिवा मंजूर झाला की वयनी खुशीत असेल, तेव्हा हळूच तिच्या पाया पडून विचारू. हो म्हणाली तर सामान तयार, नाही म्हणाली तर भटजींना जेवू घालून पाठवू. दोन्ही कामं एका दिवसात उरकायचा हा बेत त्याने कोणालाच सांगितला नाही. तो सांगितला असता तर कोणीतरी शहाणपण शिकवलं असतं.

त्या दिवशी साहेबांची एस्टी घाटीत बंद पडली. सकाळचे साहेब दुपारी येणार असं झालं. भटजी मात्र चालत निघालेले, ते वेळेआधीच आले, आणि कामसू माणूस असल्यामुळे आल्या आल्या अंगणाच्या कडेला, माडाच्या सावलीत, दर्भ सोडून बसले.

तांडेलिणीने त्यांना पाहिलं आणि तिला भरून आलं. "भावोजींनी मीटराच्या पूजेकव भटजी सांगल्यानी हो," ती आल्बिनाला म्हणाली आणि भटजींना कॉफी करून दिली. भटजींनी ती प्यायली. पूजा कसली ते त्यांनी सांगितलं नाही, कारण त्यांना कोणी विचारलं नाही.

आणि मग साहेब आले.

जगदाळे साहेब घाटावरचे. उंच, अबोल, घामाघूम झालेले. त्यांनी घराभोवती फेरी मारली, वायरमनने केलेलं काम तपासलं आणि पडवीत येऊन एकुलत्या एका खुर्चीकडे वळले.

"नको!" चौघेही एकदम ओरडले.

साहेब अर्धवट वाकलेले तसेच राहिले. खुर्चीत विजेचा प्रवाह आहे की काय अशा नजरेने त्यांनी आधी खुर्चीकडे आणि मग तारेकडे पाहिलं. "पाय मोडका आहे," गणपत म्हणाला. साहेब उभेच राहिले.

"सत्यवान धोंडू कुबल कोण?"

बाकड्यावरून फ्रान्सिस उठला. कपाळावर गंध, अंगात सत्यवानचा सदरा. तो त्याला इतका घट्ट झाला होता, की त्याने श्वास बेताबेतानेच चालवला होता. "होय," तो म्हणाला.

"गलबतावर असता ना? कधी आलात?"

"होय," फ्रान्सिस म्हणाला.

"कालच परतले," गणपतने घाईने सांगितलं.

दाराआड उभ्या असलेल्या तांडेलिणीने हे ऐकलं. कालच परतले. बारा वर्षं जे वाक्य ऐकायला तिने कान लावले होते ते हे असं, तिच्याच पडवीत, दुसऱ्याच माणसाकडे बोट दाखवून कोणीतरी म्हटलं. तिने दाराची चौकट धरली.

साहेबांची नजर बाकड्यावर गेली. "आणि या?"

"मी ह्येंची बायल," आल्बिना ठामपणे म्हणाली. खोटं बोलायचं नाही हे तिने सकाळीच ठरवलं होतं.

साहेबांनी तिच्या गळ्यातल्या क्रूसाकडे पाहिलं. मग दारातल्या बाईच्या मंगळसूत्राकडे पाहिलं. "मग त्या?"

"त्या..." गणपतला पाठ्यपुस्तकात शब्द सापडेना. "त्यासुद्धा."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. दर्यावरच्या लोकांबद्दल त्यांनी बरंच ऐकलं असावं. विजेच्या अर्जात बायकांचा रकाना नव्हता, म्हणून त्यांनी तो विषय सोडला आणि लिहायला पेन काढलं. एवढ्यात माडाखालून दाजीभटजींचा खणखणीत आवाज आला.

"गणपत, मृताचं नाव सत्यवानच ना रे?"

भटजी थोडे कमी ऐकत. इतरांनाही कमी ऐकू येत असेल असं समजून त्यांनी आवाज आणखी चढवला. "सत्यवान धोंडू कुबल! बारा वर्षांमागं समुद्रात गेला तो! होय ना?"

साहेबांनी हातातला अर्ज वाचला. मग समोरच्या सत्यवानाकडे पाहिलं. समोरच्या सत्यवानाच्या कपाळावर दरदरून घाम फुटला होता, त्यात गंध वाहू लागलं होतं, आणि त्याचा उजवा हात आपोआप वर जात होता. गणपतने डोळ्यांनी नको नको म्हटलं. पण मेलेल्या मित्राचं नाव असं मोठ्याने घेतल्यावर फ्रान्सिसच्या हाताला कोण आवरणार! तो कपाळाला लागला, छातीला लागला, डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्याकडे जाताना सदऱ्याचं वरचं बटण तुटलं आणि टणकन साहेबांच्या बुटावर पडलं. आल्बिनानेही पाठोपाठ क्रूस काढला.

"हा काय प्रकार आहे?" साहेब म्हणाले.

तांडेलीण बाहेर आली. पण साहेबांकडे न जाता ती अंगणात उतरली, माडाखाली गेली. भटजींच्या पुढ्यात दर्भाचे दोन हात आणि एक धड तयार झालं होतं. तिने ते हातात घेतलं.

"ह्या काय?"

भटजींनी गणपतकडे पाहिलं. गणपतने मान खाली घातली.

"मीटराची पूजा म्हणान मी कॉफी दिलंय तुमका," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर गणपतला बरं वाटलं असतं. तिने ते दर्भ पुन्हा जागेवर ठेवले, एखादं पोर निजवावं तसे, आणि पडवीत आली. साहेबांना म्हणाली, "ह्ये आमचे न्हय. ह्यो फ्रान्सिस, पाववालो. ती त्येची बायल. आमचे चोपन्न सालात गेले ते इले नाय. तुमची फसवणूक केली, सायबानू. दिवो देव नकात." आणि तिने ती खुर्ची पुढे सरकवली. "बसा. पाय मोडको नाय."

साहेब बसले. काय करावं हे त्यांना कळेना. खोट्या सहीचा अर्ज म्हणजे गुन्हा. तो त्यांच्या हातात होता आणि चार गुन्हेगार समोर रांगेत उभे होते. त्यांतला एक तर रडायच्या बेताला आला होता, तो म्हणजे गणपत.

"दिवा एकच, आणि तोही बाहेर का?" साहेबांनी विचारलं.

तांडेलिणीने भिंतीवरच्या खुंटीकडे बोट दाखवलं. "रोज कंदील लायतंय. वाऱ्यान विझता. उठान परत लायतंय, परत विझता. कदीतरी माझो डोळो लागता. नेमके त्येच टायमाक ते इले, तर? खाडीच्या तोंडार खडप आसा, पाण्याबुडचो खडक. दिवो नाय दिसलो की होडी परत फिरता. इजेचो दिवो वाऱ्यान विझना नाय म्हणतत."

साहेबांनी समुद्राकडे पाहिलं. मग विचारलं, "बाई, कचेरीत अर्ज द्यायला कोण गेलं होतं?"

"मीच."

"मग अर्जदार तुम्ही. राहता तुम्ही, अर्ज तुमचा. त्यांचं नाव का दिलंत?"

"नाव इचारल्यानी."

"अहो, तुमचं विचारलं!"

तांडेलीण त्यांच्याकडे बघतच राहिली. "माझा? बाईमाणसाचा नाव कचेरयेत कित्याक व्हया?"

गणपतने कपाळावर हात मारून घेतला. रेशनवर, शाळेत, दवाखान्यात, आजवर कुठेही बाईला 'नाव?' विचारलं की ते नवऱ्याचंच, हे तिला जसं ठाऊक होतं तसं त्यालाही होतं. साहेबांनी तो अर्ज चार तुकडे करून खिशात टाकला आणि बॅगेतून नवा कोरा अर्ज काढला.

"नाव?" ते म्हणाले. मग सावधपणे पुढे जोडलं, "तुमचं."

तांडेलिणीने पदर सारखा केला. साहेबांनी गणपतकडे पाहिलं. गणपत आठवू लागला. वीस वर्षं तिच्या हातचं जेवत होता, पण वयनीच्या पलीकडे त्याला काही आठवेना. फ्रान्सिसला ठाऊक नव्हतं. आल्बिनाने दोन नावं सांगून पाहिली, दोन्ही चुकली.

"म्हायारचा सांगू की सासरचा?" तांडेलिणीने शेवटी विचारलं.

"तुम्हाला आवडेल ते."

लग्नात ताटातल्या तांदळावर सत्यवानने अंगठीने एक नाव लिहिलं होतं. तिला ते वाचता आलं नव्हतं, म्हणून त्याने हळूच तिच्या कानात सांगितलं होतं. त्यानंतर त्या नावाने तिला हाक मारली ती त्यानेच. तो गेल्यापासून ते कोणाच्या तोंडून निघालं नव्हतं.

"तुळसा," ती म्हणाली.

साहेबांनी लिहून घेतलं. ज्या सहीसाठी फ्रान्सिसने आठ दिवस पीठ वाया घालवलं, तिथे तुळसाचा अंगठा एका क्षणात उमटला.

दाजीभटजींनी मात्र दर्भ गुंडाळले. "एका घटकेला जिवंत दाखवायचा आणि दुसऱ्या घटकेला अग्नी द्यायचा, हे माझ्याच्यान होणार नाही," ते गणपतला म्हणाले. "आधी तुम्ही घरचे काय ते ठरवा." गणपत त्यांना वेशीपर्यंत पोचवायला गेला आणि दोन दिवस भावजयीच्या समोर आला नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच त्याला जेवायला बोलावून घेतलं.

मार्गशीर्ष संपता संपता दिवा आला. तिन्हीसांजेला सगळी वाडी जमली. तुळसाने बटण दाबलं आणि समुद्राकडच्या भिंतीवर असा लख्ख उजेड पडला, की पुळणीवरचे कुर्ले-खेकडेदेखील बिळात पळाले. फ्रान्सिसने क्रूस काढला, तर सदऱ्यामुळे तेव्हा झाली तशी अडचण या वेळी आली नाही. तो आपल्याच सदऱ्यात होता.

पहिले काही दिवस तुळसाला चैन पडेना. वाऱ्याचा झोत आला की ती सवयीने उठे, बाहेर येई, वर बघे. दिवा जळतच असे. ती तशीच उभी राहून मग आत जाई. हळूहळू खाडीत शिरणारी होडकी त्या उजेडावर नेम धरून खडप चुकवू लागली. मासे विकायला आलेली माणसं सांगू लागली, तांडेलिणीचो दिवो दूरवर दिसता. तुळसा विचारी, किती दूरवर? ते म्हणत, लय दूर. मग ती आणखी काही विचारत नसे.

त्या दिवसांत एक नवल घडलं. वीज एकदाही गेली नाही. पुढे वाडीत ती रोज जाऊ लागली, आणि लोक म्हणत, तेव्हा एकदा जरी गेली असती तरी तुळसाने आणखी बारा वर्षं काढली असती.

माघात एका सकाळी ती गणपतच्या अंगणात येऊन उभी राहिली. "भावोजी, भटजींक बोलवा."

गणपतच्या हातातलं जाळं खाली पडलं. "कित्याक, वयनी? आता तर दिवो इलो."

"म्हणानच," ती म्हणाली. "कंदील हुतो तवसर माका वाटायचा, ते इले आसतीत, दिवो नाय बघून फिरले आसतीत. चूक वाऱ्याची, नायतर माझ्या डोळ्याची. दीड म्हयनो झालो, दिवो एकदाव विझाक नाय. सगळ्यांची होडकी इली, भावोजी. दिवो बघून सगळे इले."

गणपत रडू लागला. तिने त्याला रडू दिलं. मग खाली पडलेलं जाळं उचलून त्याच्या हातात दिलं.

दाजीभटजी आले. त्याच माडाखाली बसले. या वेळी तुळसाने त्यांना कॉफी आणून दिली ती सगळं समजून. दर्भाचा माणूस पुरा झाला. पडवीत ती खुर्ची रिकामी होती, आणि तिच्यावर बटण पुन्हा शिवलेला पांढरा सदरा घडी करून ठेवला होता. भटजींनी हातात पाणी घेतलं आणि विचारलं,

"मृताचं नाव?"

सगळ्यांनी गणपतकडे पाहिलं. गणपत पंचाने डोळे पुसत होता. भटजी थांबले. आणि मग तुळसा बोलली. पदर सारखा न करता, जमिनीकडे न बघता, शीड-दोरी काही न जुळवता, आयुष्यात पहिल्यांदाच तिने नुसतं नाव घेतलं.

"सत्यवान."

भटजींनी पाणी सोडलं. अंगणाच्या कडेला फ्रान्सिस उभा होता. त्याचा हात कपाळाकडे गेला, छातीवर आला, मग एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेला. या वेळी त्याला कोणीच आवरलं नाही.